दुपारी तीनला शेजारचे दार वाजवा

मार्च संपत आला की आमच्या नागपुरात दोन तयाऱ्या सोबतच सुरू होतात. एक जयंतीची आणि दुसरी उन्हाळ्याची. माळ्यावरचा कूलर खाली उतरतो, त्याच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवल्या जातात, कुंभाराकडून माठ येतो आणि घरोघरी भाजलेल्या कैऱ्यांचा वास सुटतो. आमच्या वस्तीचे मंडळही दरवर्षी चौकात पाणपोई लावते. मी या मंडळाचा सचिव. नोकरीने कारकून आणि शिक्षणाने बी. कॉम., म्हणून हिशेबाचे काम आपसूकच माझ्याकडे आले. माठ किती, बर्फ किती, वर्गणी किती, हे सारे मी वहीत पै-पैशासह लिहून ठेवीत असे. परंतु जी नोंद सर्वांत आधी करायला हवी होती, ती माझ्या वहीत कधी झालीच नाही. त्याची किंमत माझ्या घरच्या माणसाने मोजली. वाचक बंधू-भगिनींच्या घरी तसे घडू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

गोष्ट २०१९ च्या मे महिन्यातील. नवतपा लागलेला होता आणि पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला होता. माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण, आमच्याच वस्तीत चौकापासून फार तर दोनशे पावलांवर पत्र्याच्या एका खोलीत एकटी राहत असे. वय ६८. तिने आयुष्यभर बांधकामावर रेजाचे काम केले, डोक्यावर विटा वाहून मुलाला शिकवले. मुलगा नोकरीसाठी पुण्याला. आम्ही तिला कितीदा तरी म्हटले, की आमच्याकडे येऊन राहा. तिचे उत्तर ठरलेले असे, "माह्यं घर हाये न बाबू. तुमच्याकडे कायले गर्दी करू?"

त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ती मला नळावर भेटली. म्हणाली, "जरासं डोकं दुखून राह्यलं बाबू. घरी जाऊन जराशीक पडतो." मी पाणपोईच्या घाईत होतो. "पड, पड. पाणी पी," एवढे म्हणून मी चौकाकडे निघालो. सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी पाजत उभा होतो. कुणी पाहुणे आले, फोटो निघाला, चार लोकांनी पाठ थोपटली. साडेचारला घरी आलो तेव्हा पत्नीने विचारले, "आत्याबाईंना पन्हं नेऊन दिलं का?" मी विसरलो होतो. तांब्या घेऊन तसाच निघालो.

दार आतून लावलेले. हाका मारल्या, कडी वाजवली, उत्तर नाही. शेजारच्या दोन पोरांच्या मदतीने दार ढकलले. आत्या जमिनीवर पडलेली होती. अंगाला हात लावला तर तव्यासारखे तापलेले आणि कोरडे ठणठणीत. डोळे उघडे होते, पण ती मला ओळखत नव्हती. माझ्या वडिलांच्या नावाने मला हाक मारीत होती. वडिलांना जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.

मग आम्ही काय केले ते लपवीत नाही, कारण आजही अनेक घरांत हेच केले जाते. एकाने तळपायाला कांदा चोळला. एकीने अंगावर चादर घातली. मी तिच्या तोंडात पाणी ओतू लागलो तर तिला ठसका लागला. मग ऑटोसाठी धावाधाव. यात अर्ध्या तासावर वेळ गेला आणि तेवढा वेळ ती त्याच तापलेल्या पत्र्याखाली पडून राहिली. दवाखान्यातील तरुण डॉक्टर मुलगी एवढेच म्हणाली, "काका, आधी अंग थंड करायचं होतं. पाणी ओतत ओतत आणायचं होतं." तिसऱ्या दिवशी आत्या गेली.

दवाखान्याच्या कागदावर कारण लिहिले होते, हृदयक्रिया बंद पडणे. मी कारकून माणूस. माझे सारे आयुष्य रकाने भरण्यात गेले. जे रकान्यात आले नाही ते घडलेच नाही असे मानण्याची कार्यालयाची रीत मला ठाऊक आहे. ऊन हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता. असे किती जण उन्हाने जातात आणि कागदावर हृदयविकाराने, दम्याने किंवा 'वार्धक्याने' गेलेले दिसतात, याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

आवराआवर करताना आणखी एक गोष्ट दिसली. तिच्या खोलीतला माठ जवळजवळ भरलेलाच होता. मला समजेना. शेजारच्या मावशींनी सांगितले, "ते दुपारी पाणी पेतच नव्हती. संडासले जा लागते न. तिकडे नाल्यापलीकडे, उन्हाचं, अन् तिथं पुन्हा लाइन." पंधरा वर्षे मी या वस्तीत समाजकार्य करतो. सभेत पाणी आणि आरोग्य यांवर भाषणे करतो. पण संडास दूर आहे म्हणून आमच्या बाया दुपारभर तहान मारतात, हे मला माहीत नव्हते. पत्नीला विचारले तर ती म्हणाली, "यात नवीन काय आहे? सगळ्याच बाया असं करतात."

आत्याच्या तेरा दिवसांत मी पाणपोईची वही पुन:पुन्हा चाळली. रोज शेकडो लोकांनी पाणी प्यायल्याचा अंदाज त्यात लिहिलेला होता. ते सारे चालत येऊ शकणारे, मागून घेऊ शकणारे लोक होते. पाणपोई चांगलीच आहे आणि ती आम्ही आजही लावतो. परंतु ज्याला सर्वांत जास्त धोका आहे तो चौकापर्यंत येत नाही. तो पत्र्याखाली पडलेला असतो.

पुढे मी जाणकारांना विचारले, सरकारी आरोग्यपत्रके वाचली, तेव्हा एक गोष्ट पक्की समजली. माणूस उन्हाने आजारी पडतो तेव्हा आधी थकवा, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पायात गोळे अशी लक्षणे येतात. तेव्हाच सावलीत नेले, अंग गार केले, पाणी-मीठ-साखर पोटात गेली तर बहुतेक जण सावरतात. तसे झाले नाही आणि अंगातील उष्णता ४० अंशांच्या वर गेली की मेंदूवर परिणाम होतो. माणूस बरळतो, चिडतो, झोकांड्या खातो, ओळख विसरतो. याला उष्माघात म्हणतात. म्हणजे ज्या घटकेला त्याने "मला वाचवा" म्हणायला हवे, त्याच घटकेला ते म्हणण्याची शुद्ध त्याला राहत नाही. त्यातही म्हाताऱ्या माणसाची तहानेची जाणीवच मंदावलेली असते. म्हणून उन्हाळ्यात "काही लागलं तर सांगा" हे वाक्य पुरेसे नाही. दुसऱ्याने जाऊन पाहावे लागते.

अहमदाबाद शहराने हे मोठ्या किमतीने शिकून घेतले. मे २०१० मध्ये तेथे उष्णतेची मोठी लाट आली. नंतर अभ्यासकांनी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३०० हून अधिक मृत्यू जास्त झाल्याचे दिसून आले. त्यानंतर २०१३ मध्ये तेथील महापालिकेने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार केला. आदल्या दिवशीच लोकांना इशारा देणे, डॉक्टर आणि आरोग्यसेविकांना शिकवणे, गरीब वस्त्यांत माहिती पोहोचवणे, अशी कामे त्यात होती. पुढे अनेक शहरांनी तसे आराखडे केले. आता हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा मोबाईलवर येतो. पण ज्या म्हातारीकडे मोबाईल नाही, तिच्यापर्यंत तो लाल रंग कोण नेणार? ते काम शेजाऱ्याचेच आहे.

२०२० साल कोरोनात गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी नवी वही आणली आणि त्यात रकाने पाडले. घर कोणाचे, छत पत्र्याचे की स्लॅबचे, एकटे कोण राहते, ६० वर्षांवरील कोण, गरोदर बाई किंवा तान्हे मूल आहे का, रक्तदाब-मधुमेहाची औषधे कोणाला चालू आहेत, उन्हात कामाला कोण जाते. शेवटचा रकाना होता, दुपारी तीन वाजता दार कोण वाजवणार? नावे लिहिता लिहिता आमच्या एवढ्याशा वस्तीत ४१ जण निघाले. एकट्या माणसांची खरी संख्या मला, वस्तीतच जन्मलेल्या माणसाला, माहीत नव्हती.

सुरुवातीला मंडळाच्या तरुणांना हे काम दिले. ते फसले. भरदुपारी तरुण पोरांनी एकट्या बाईचे दार वाजवणे बायांना अवघड वाटले, आणि ते बरोबरच होते. एका आजोबांनी तर पोरांना झापले, "म्हातारा मेला का जित्ता हाये, हे पाह्यले येता का बे रोज रोज?" मग महिला मंडळाने काम हाती घेतले आणि सुट्टीतल्या मुली सोबत आल्या. त्यांनी युक्ती काढली. हातात ताकाचा किंवा पन्ह्याचा गडवा घेऊन जायचे, पेलाभर प्यायला लावायचे, दोन शब्द बोलायचे. बोलताना माणूस नीट उत्तर देतो की नाही हे आपोआप कळते. तेच आजोबा आता तीन वाजले की दारात खुर्ची टाकून बसतात आणि पोरगी उशिरा आली तर तिलाच विचारतात, "काऊन वं, आज घड्याळ बंद पडलं का?"

या वहीमुळे एक वेगळेच काम झाले. टँकर आमच्याकडे दुपारी एकला येत असे. म्हणजे ऐन उन्हात बाया आणि लहान मुली गुंड-बादल्या घेऊन तासभर रांगेत. वर्षानुवर्षे आम्ही पाणी कमी येते म्हणून तक्रार केली, वेळेबद्दल कधी बोललो नाही. या वेळी वहीतील आकड्यांनिशी अर्ज लिहिला. गरोदर बाया किती, वृद्ध किती, रांगेत चक्कर येऊन पडलेल्या किती. चार खेटे घातले, पाचव्यांदा बायांनाच सोबत नेले. टँकरची वेळ सकाळी सातची झाली. यात कुणाचे उपकार नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्कासाठी आपल्या माणसांना नेले. त्यांच्या लेकींनी त्याच पाण्यासाठी चक्कर येईपर्यंत उन्हात उभे का राहावे? संडासाच्या दुरुस्तीचा आणि नव्या बांधकामाचा आमचा अर्ज मात्र अजून फिरतोच आहे. त्याचाही पाठपुरावा चालू आहे.

घरातल्या धोक्याविषयीही सांगायला हवे. आमच्याकडे कूलर म्हणजे उन्हाळ्यातला सोबती. पण लोखंडी पत्र्याचा कूलर, खाली पाणी आणि जुनी वायर, यातून दरवर्षी माणसे जातात. आमच्या गल्लीत एक मुलगी चालू कूलरमध्ये पाणी भरताना चिकटली. तिच्या आईने मेन स्विच बंद केला म्हणून ती वाचली. घाबरून मुलीला ओढायला गेली असती तर दोघीही गेल्या असत्या. म्हणून पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लगच काढायचा. प्लग तीन पिनांचाच हवा आणि अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यायचे. विजेचा धक्का बसला की वीज तोडणारे छोटे यंत्र मेन बोर्डात बसवून मिळते. त्याचा खर्च एका साडीपेक्षा फार नाही. आठवड्यातून एकदा कूलरची टाकी रिकामी करून घासून कोरडी करायची, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा पूर्ण डास होतो. आणि सुट्टीतली पोरे दुपारी कुठे जातात हेही रोज विचारा. खदानीतल्या हिरव्या पाण्याचा तळ दिसत नाही, आणि पोहता येणाऱ्या पोरांनाही त्याने सोडलेले नाही.

जयंतीबद्दल एक शब्द. १४ एप्रिल आपल्यासाठी सणांचा सण. पण तो ऐन उन्हात येतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला एका शासकीय पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो लोक मैदानावर उन्हात बसले होते. उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी तेथील पारा आमच्या मे महिन्याइतका चढलेला नव्हता. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून कमी उन्हातही शरीर तापते. ही बातमी वाचल्यावर आमच्या मंडळाने ठराव केला की, मिरवणूक सायंकाळी सहानंतरच निघेल, लेझीमच्या मुलांना उन्हात तासन् तास उभे ठेवले जाणार नाही आणि पाण्याची गाडी मिरवणुकीच्या पुढे न राहता मधोमध राहील. काही ज्येष्ठ नाराज झाले. "आम्ही भरउन्हात अनवाणी चाललो," असे म्हणाले. त्यांच्या श्रद्धेबद्दल शंका नाही. परंतु ज्यांनी आम्हाला शिकायला सांगितले, त्यांच्या नावाने जमताना शिकलेले वापरायला हरकत नसावी.

आता जे आत्याच्या वेळी मला माहीत नव्हते, ते थोडक्यात देतो. हे कापून भिंतीवर लावले तरी चालेल.

माणूस उन्हाने बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला तर १०८ ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. त्याला सावलीत न्या, जादा कपडे काढा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला. मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा गार ओल्या पट्ट्या ठेवा. गाडीतही पाणी ओतणे चालू ठेवा. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. तापाची गोळी देऊ नका, या तापावर ती चालत नाही. कांदा खिशात ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

माणूस शुद्धीवर असेल, नुसता थकवा-चक्कर असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात लहान चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजा. हे पाणी त्याच दिवशी संपवा. ओआरएसचे पाकीट असेल तर त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण पाकीट एकदम विरघळवा. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. रक्तदाबाची आणि लघवी जास्त होण्याची औषधे चालू असणाऱ्यांनी उन्हाळा लागण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावे, मनाने औषध बंद करू नये.

बारा ते तीन शक्यतो घराबाहेर पडू नये असे सांगतात. पण रोजीवर जाणाऱ्याला हे कसे जमणार? त्यासाठी ठेकेदाराशी बोलावे लागते. आमच्याकडच्या मिस्त्री आणि रेजांनी मिळून मागणी केली, तेव्हा एका ठेकेदाराने पहाटे सहाला काम सुरू करून दुपारी मोठी सुट्टी देण्याचे मान्य केले. एकटा बोलला असता तर त्याचाच रोज बुडाला असता. पत्र्याच्या छताला पांढरा चुना मारला, वर ओली पोती टाकली तर खोली निवते. पारा ४० च्या वर असताना कोरडा पंखा नुसता गरम वारा फेकतो. अंगावर ओले कापड घेऊन मग पंख्याखाली बसावे.

या उन्हाळ्यात आमच्या वहीत ४६ नावे आहेत. कुणी नवीन आले, कुणी मुलाकडे गेले, दोघे वयाने गेले. उन्हाने मात्र त्या वर्षापासून वहीतले कुणी गेलेले नाही. यात आमचा फार मोठा पराक्रम नाही. पेलाभर ताक आणि पाच मिनिटे, एवढाच खर्च आहे. माझ्या आत्याला एक वाजता कुणी हाक मारली असती तर ती आज कदाचित दारात बसून पोरींना रागावत असती. तो एक वाजता हाक मारणारा माणूस मी असायला हवा होतो.

वाचकहो, तुमची वस्ती नागपुरात असो, चंद्रपुरात असो की मुंबईच्या चाळीत, आज संध्याकाळी आपल्या घराच्या डाव्या-उजव्या बाजूची चार-चार घरे आठवा आणि त्यांत एकटे कोण आहे ते कागदावर लिहा. नाव माहीत नसेल तर जाऊन विचारा. उद्या दुपारी तीनला कडी वाजवा, आणि आतून उत्तर येईपर्यंत दारातून हलू नका.